गाडी दबते, गचके खाते, घाटात बंद पडते: कार्बोरेटरच्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. उभ्या गाडीत इंजिन छान चालते, मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगातही तक्रार नाही. पण गतिरोधकानंतर किंवा बैलगाडीला ओलांडताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर दबते, कधी कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो आणि मग एकदम उचलते. मेस्त्री म्हणतात, कार्बोरेटरच बदला. बदलावा का?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : आताच नको. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. बिघाड नेमका कोणत्या क्षणी जाणवतो, हे तुम्ही नीट लिहिले आहे आणि निम्मे निदान त्यातच आहे. आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे चालणे) चांगले म्हणजे आयडल जेट, म्हणजे त्यासाठीचे पेट्रोलचे बारीक भोक, मोकळा. एकसारख्या वेगात गाडी चांगली म्हणजे मेन जेटही ठीक. राहिला तो मधला क्षण. पाय दाबताच हवा लगेच आत घुसते, पण मेन जेटमधून पेट्रोल यायला किंचित वेळ लागतो. ती उणीव भरून काढायला कार्बोरेटरमध्ये छोटा ॲक्सिलरेटर पंप असतो. तो थकला की मिश्रण क्षणभर पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी दबते आणि कार्बोरेटरमधून ‘फट्’ होते.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद आणि थंड असू द्या. एअर फिल्टरचे झाकण काढा, चोकची (हवा कमी करणारी वरची) झडप उघडी ठेवा, बॅटरीच्या उजेडात वरून आत पाहा (बिडी-काडीपेटी लांब) आणि थ्रॉटलची लिव्हर (ॲक्सिलरेटरची वायर जोडलेली) हाताने ओढा. लिव्हर हलताक्षणीच पेट्रोलची बारीक, सलग धार उडाली पाहिजे. धार उशिरा आली, नुसती ठिबकली किंवा आलीच नाही, तर दोष सापडला. गाडी बरेच दिवस उभी असेल तर फ्लोटच्या वाटीतले (कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यातले) पेट्रोल उडून गेलेले असते. तेव्हा आधी इंजिन चालवून वाटी भरून घ्या, नाहीतर चांगल्या पंपावर ठपका ठेवाल.

बहुतेक वेळा पंपाचा रबरी डायफ्राम (पडदा) कडक झालेला किंवा फाटलेला असतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जुन्या रबराला ते मानवत नाही. रिपेअर किटमध्ये डायफ्राम, गॅस्केट आणि नीडल व्हॉल्व्ह मिळतात. कार्बोरेटर उघडलाच आहे तर तिन्ही बदला. धार येते ते भोक कार्बोरेटर क्लीनर आणि हवेने साफ करा. त्यात तार घालू देऊ नका. पितळेचे भोक एकदा मोठे झाले की पेट्रोलचे माप कायमचे बिघडते.

धार जोरात येत असेल तर दोन गोष्टी पाहा. पहिली, फुकटची हवा. इंजिन आयडलवर ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तिथून हवा ओढली जाते आहे. अनेक जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर ते करूच नका. दुसरी, डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे करणारा भाग. त्याची नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढून तोंडाने ओढा आणि टोकाला जीभ लावा. ओढ टिकली नाही तर आतला पडदा फाटला आहे. सोबत पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.४ ते ०.५ मिमी आणि प्लगचा ०.७ ते ०.८ मिमी आहे ना, ते बघून घ्या.

मिक्श्चर स्क्रू मात्र फिरवत बसू नका. तो फक्त आयडलिंगचा आहे, या दबण्याशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : ओम्नी आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला भरल्या गाडीने चढताना अर्ध्या घाटात जोर जातो, गचके खात बंद पडते. दहा मिनिटे थांबलो की पुन्हा चालते. सपाटीवर काहीच त्रास नाही.
— एक वाचक, अचलपूर

उत्तर : चढावर इंजिन जितके पेट्रोल पिते तितके वाटीत पोहोचत नाही. थांबल्यावर वाटी पुन्हा भरते, म्हणून गाडी चालते. खात्री अशी करा : गचके सुरू होताच चोक अर्धा ओढा. गाडी सावरली तर पेट्रोल कमी पडते आहे. आणखी बिघडली तर पेट्रोल पुरेसे आहे, स्पार्ककडे वळा.

पेट्रोलच कमी पडत असेल तर टाकीपासून पुढे या. गाडी दबताच टाकीचे झाकण सैल करा. ‘स्स्’ करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर टाकीला हवा देणारी वाट बंद आहे. शेतातल्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या त्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. टोकाला वाळलेल्या चिखलाचा बोळा दिसेल, तो काढा. मग पेट्रोल फिल्टर. जुना असेल तर विचार न करता बदला, बाण कार्बोरेटरच्या दिशेला ठेवा. कार्बोरेटरच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर तीही धुवा.

आता पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा (वरचा ॲक्सिलरेटर पंप नव्हे). कॉइलची (ठिणगीचा दाब तयार करणाऱ्या भागाची) मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोकाकडून काढून इंजिनाच्या धातूला टेकवा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. पंपाची पुढची नळी काचेच्या बाटलीत सोडून दहा-पंधरा सेकंद स्टार्टर मारा. प्रत्येक ठोक्याला भरीव पिचकारी हवी. बुडबुडे येत असतील तर टाकी ते पंप या भागात हवा शिरते आहे. इथे फसगत होते, कारण या बाजूची तडकलेली रबरी नळी पेट्रोल गळू देत नाही, फक्त हवा ओढते. बाहेरून सगळे कोरडे दिसते. नळ्या आणि क्लिपा सरळ नव्या घाला. गेज असेल तर दाब ०.२ ते ०.३ किलो भरावा. पिचकारी दुबळी असेल तर ऑइलची डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनात उतरते आहे. पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, बेअरिंगे जातील.

प्रश्न : मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात गाडी अचानक बंद पडते, गार झाली की सुरू होते. व्हेपर लॉक म्हणतात ते हेच का?
— एक वाचक, वरोरा

उत्तर : असू शकते. व्हेपर लॉक म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणे. पण उन्हात कॉइल किंवा कंडेन्सर (दोन्ही ठिणगीचे भाग) तापूनही हुबेहूब असेच होते. बंद पडल्या पडल्या वर सांगितल्याप्रमाणे कार्बोरेटरमध्ये पाहून लिव्हर ओढा. धार आली तर पेट्रोल पोहोचते आहे, स्पार्क तपासा. धार नाही, तर पंप आणि नळीवर ओले फडके गुंडाळा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका. फडक्याने गाडी सुरू झाली तर व्हेपर लॉकच. नळी सायलेन्सरच्या (धूर बाहेर नेणाऱ्या) मॅनिफोल्डपासून दूर बांधा, कार्बोरेटरखालची जाड उष्णतारोधक पट्टी शाबूत आहे का पाहा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर उलट प्रकार आहे, वाटीतले पेट्रोल उकळून आत सांडले आहे. पाय पूर्ण दाबून धरा, वरखाली न करता, आणि स्टार्टर मारा.

प्रश्न : गावात बाटलीतले पेट्रोल घेतो, फडक्याने गाळून टाकतो. चालेल का?
— एक वाचक, ता. पुसद

उत्तर : फडके कचरा अडवते, पाणी नाही. पारदर्शक बाटलीत अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे आणि त्याने इथेनॉलही सोबत ओढून नेले आहे. वरचे वेगळे करून वापरायच्या फंदात पडू नका, ते सगळेच पेट्रोल गाडीत नको.