एकाकी म्हणजे असहाय, पण कोणत्या अर्थाने?

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात शहरातील माणसांच्या वाढत्या तुटलेपणावर परिसंवाद आहे. फलकासाठी ‘वाढता एकांतवास : एक सामाजिक समस्या’ असे शीर्षक सुचवले गेले आहे. एकांत, एकटेपणा आणि एकाकीपणा यांत नेमका फरक काय, आणि शीर्षकात कोणता शब्द शोभेल?

उत्तर : कोणता शोभेल ते पुढे सांगतो, पण ‘एकांतवास’ शोभणार नाही हे आधीच सांगून टाकतो. गेली काही वर्षे वृत्तपत्रांतून, वाहिन्यांवरून आणि आता संघांच्या फलकांवरून या शब्दाचे जे हाल चालले आहेत, ते पाहून गप्प राहणे मला जमत नाही. ‘एकांताने ग्रासलेले ज्येष्ठ’ असा मथळा मी अलीकडेच वाचला. तुकोबा ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ म्हणतात आणि लगेच ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ अशी कबुली देतात. ज्या एकांतवासात वृक्ष आणि पाखरे सोयरी होतात, जो रुचतो आणि सुख देतो, त्याला रोगाच्या पंक्तीला बसवायचे असेल, तर निदान तुकोबांची परवानगी तरी काढायला हवी.

एकांत म्हणजे एक अंत, म्हणजे एक बाजू, आडबाजूची जागा. ‘त्याला एकांतात घेऊन सांगितले’ या वाक्यात माणसे दोन आहेत, आणि नवपरिणीत जोडप्याला ‘जरा एकांत मिळू द्या’ म्हणताना तर दोघेच हवी असतात. ज्या शब्दात दोन माणसे सुखाने मावतात, तो एकटेपणाचा पर्याय कसा होईल? हा गोंधळ मुंबईतच अधिक का दिसतो, याविषयी माझी एक उपपत्ती आहे. चाळीतल्या दहा बाय सोळाच्या खोलीत सात माणसे झोपत असत, तेव्हा एकांत ही दुर्मीळ आणि हेव्याची वस्तू होती. तो हवा असेल तर चौपाटी किंवा बॅंडस्टँड गाठावे लागे. आता वरळीच्या बीडीडी चाळींतील रहिवासी १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाऊ लागले आहेत, आणि उपनगरांत तर एकेका सदनिकेत एकेकच माणूस उरले आहे. ज्याची हाव होती ते पोटभर मिळाले आणि अपचन झाले. म्हणून पक्वान्नाचेच नाव दुखण्याला देण्यात आले असावे. उपपत्ती कोणाला पटली नाही तरी चालेल, पण पक्वान्न आणि अपचन यांना एकच शब्द वापरू नये.

‘एकटा’ या शब्दाविषयी फार बोलण्यासारखे नाही, कारण तो बिचारा नुसती स्थिती सांगतो. तिचे सुखदुःख मराठीने क्रियापदांवर सोपवले आहे. ‘ती एकटी राहते’ ही माहिती झाली, ‘तिला एकटे वाटते’ ही तक्रार, ‘ती एकटी पडली’ ही दुर्दशा, आणि ‘तिला एकटे पाडले’ हा आरोप. इतकी सोय हाताशी असताना आपण नामांच्या मागे का लागतो, ते मला उमगत नाही. नाम केले की क्रियापद गळते आणि चारही वाक्यांचा ‘एकटेपणा’ एकसारखाच दिसू लागतो. एक गंमत मात्र सांगायला हवी. मराठीत ‘एकटादुकटा’ असा जोडशब्द आहे. ‘त्या रस्त्याने रात्री एकट्यादुकट्याने जाऊ नये’ असे आपण म्हणतो, तेव्हा दोघेजणही पुरेसे नाहीत, असे भाषेने गृहीत धरलेले असते. या शब्दांतील ‘टा’ हा संख्येला लागणारा निरुपद्रवी प्रत्यय आहे, असे काही जाणकार सांगतात. मला तो ‘चोरटा’ आणि ‘भामटा’ यांच्यातल्या ‘टा’चा भाऊबंद वाटतो. तो लागला की माणूस थोडा उणा, थोडा केविलवाणा होतो. ‘दुकटा’ कधी स्वतंत्रपणे फिरताना दिसत नाही आणि ‘तिकटा’ तर जन्मलाच नाही. प्रत्यय केवळ संख्येचा असता, तर तो तीनपाशी का थांबला असता, याचे उत्तर त्या जाणकारांकडून मला अजून मिळालेले नाही.

आता ज्या शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो, त्याकडे वळतो.

‘एकाकी’ हा शब्द कसा तयार होतो, हे सांगण्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीत एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. ते पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातले बावन्नावे सूत्र आहे : ‘एकादाकिनिच्चासहाये’. ‘एक’ या शब्दाला ‘आकिनिच्’ प्रत्यय लागून ‘एकाकिन्’ होतो, पण केव्हा? तर ‘असहाये’, म्हणजे त्या ‘एक’चा अर्थ असहाय असा असेल तेव्हा. एक आंबा, एक रुपया, एक खोली यांतला मोजणीचा एक इथे चालत नाही. एकाकी होण्यासाठी संख्येने एक असणे पुरत नाही, असहाय असावे लागते. घरात पाच माणसे असूनही कोणी एकाकी असू शकते आणि एकटीच राहणारी बाई मुळीच एकाकी नसू शकते, हे सांगायला आज आपण परिसंवाद घेतो. वैयाकरणाने ते एका शब्दात उरकले आहे.

मात्र या ‘असहाय’चा मराठी अर्थ लावलात तर सूत्र हातचे जाईल. मराठीत असहाय म्हणजे ज्याला मदत नाही, दुबळा, निरुपाय झालेला. संस्कृतात ‘सहाय’ हे मदतीचे नाव नाही, ते माणसाचे नाव आहे. सह म्हणजे बरोबर आणि अय म्हणजे जाणारा. जो बरोबर चालतो तो सहाय, आणि ज्याच्याबरोबर चालणारे कोणी नाही तो असहाय. मदत हा अर्थ या शब्दाला पुढे चिकटला, कारण बरोबर चालणारा वेळप्रसंगी हात देतोच. ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती, चालविसी हातीं धरूनियां’ हा अभंग सर्वांना पाठ असतो. त्यातला क्रम पाहावा. आधी सांगाती आला, मग हात धरणे आले. सहाय शब्दाचा सगळा इतिहास त्या एका ओळीत चालत गेला आहे.

मोनियर विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत कोशात ही व्युत्पत्ती ‘बहुधा’ असे म्हणून दिली आहे, आणि काहींच्या मते सहाय हे ‘सखाय’चे प्राकृत वळणाचे रूप असावे, असेही नोंदवले आहे. ख चा ह होतो हे खरेच. सखीची सही आणि सहीची आपली सई झाली, ती याच वाटेने. पण सई झाली ती प्राकृतात, आणि सहाय बसला आहे पाणिनीच्या सूत्रात. व्याकरणाच्या सर्वांत काटेकोर ग्रंथात प्राकृत पाहुणा मागच्या दाराने शिरला, असे मानण्यापेक्षा तो घरचाच आहे असे मानणे मला अधिक सरळ वाटते. विशेषतः बरोबर जाणे या अर्थाचा ‘सहायन’ त्याच कोशात त्याच्या शेजारी उभा असताना शंकेला जागा ठेवणे हा मला कोशकाराचा अतिसावधपणा वाटतो. आणि समजा, ते काही जण बरोबर ठरले, तरी सहाय मदतनीस ठरत नाही, मित्रच ठरतो. माझे काम तेवढ्यानेही भागते.

एकाकी शब्दाचा सर्वांत देखणा उपयोग बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात आहे. सृष्टीच्या आरंभी एकटाच असलेला तो पुरुष प्रथम घाबरला, ‘तस्मादेकाकी बिभेति’. मग त्याने विचार केला की माझ्यावाचून दुसरे कोणी नाहीच, तर भ्यायचे कोणाला, आणि त्याचे भय गेले. पण पुढच्याच कंडिकेत ‘स वै नैव रेमे, तस्मादेकाकी न रमते’ असे आहे. भीती युक्तिवादाने गेली, करमेना ते मात्र गेले नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्याची इच्छा धरावी लागली. ‘न रमते’ला मराठीत ‘करमत नाही’ हून नेमका शब्द मला सापडलेला नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला एकाकी राहायला सांगितले आहे, असा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, म्हणून त्याचेही उत्तर देतो. तिथे ‘रहसि स्थितः’, म्हणजे एकांतात राहिलेला, असे आधी येते आणि मग ‘एकाकी’. योग्याने सोबती स्वतःहून मागे ठेवलेला आहे. शब्दाचा अर्थ तोच राहतो, फक्त ती स्थिती तिथे व्रत म्हणून पत्करलेली आहे. मुलुंडच्या ज्येष्ठांनी असे व्रत घेतले असल्याचे आपल्या पत्रावरून तरी दिसत नाही.

मग मराठीत बरोबर चालणाऱ्याचे काय झाले? सहाय मदतीच्या खात्यात गेला आणि कार्यालयांतून ‘साहाय्यक’ होऊन बसला. (हा शब्द ‘सहाय्यक’ असा लिहिलेला पाहिला की माझा जेवणातला रस जातो, परंतु आता कोशांनीही माघार घेतली आहे.) त्याची रिकामी झालेली जागा एका परदेशी शब्दाने भरून काढली. तो शब्द ‘सोबत’. अरबी ‘सुहबत’, फारसीत ‘सोहबत’ आणि आपल्याकडे सोबत. याच अरबी धातूपासून ‘साहिब’ झाला. त्याचा मूळ अर्थ सोबती, नंतर धनी, आणि तोच आपला साहेब. म्हणजे सोबत आणि साहेब ही सख्खी भावंडे आहेत. काचेच्या केबिनमध्ये दुपारचा डबा एकट्याने खाणाऱ्या कोणाही साहेबाला ही व्युत्पत्ती सांगून पाहावी.

माझ्या लहानपणी गिरगावात ‘सोबतीला झोपायला जाणे’ हा नित्याचा वाक्प्रयोग होता. शेजारच्या घरातला पुरुष गावी गेला की आमची बहीण उशी काखेत घेऊन तिकडे जाई. तिने तिथे काही करायचे नसे. नुसते असायचे. मदत आणि सोबत यांत फरक असतो, हे मला त्या उशीने शिकवले. ती चाळ आता नाही. आम्ही बहुमजली इमारतीत राहतो आणि सातव्या मजल्यावरच्या काकू दुपारी चारला मेथीची जुडी घेऊन खाली येतात आणि पहारेकऱ्याच्या टेबलाशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ती निवडतात. मी एकदा भाबडेपणाने विचारले, “काकू, काही मदत हवी आहे का?” त्या म्हणाल्या, “मदत कसली हो! मुलगा तिकडून मोबाईलवर बटण दाबतो, दहा मिनिटांत मदत दारात उभी. बसायला कोणी येत नाही, म्हणून मी येते.” त्या टेबलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही असते. तिच्यातला ‘काम’ हा रकाना मी त्या दिवशी मागे उलटत वाचत गेलो. डिलिव्हरी, कुरिअर, नळदुरुस्ती, पुन्हा डिलिव्हरी. ‘भेट’ हा शब्द चार पाने उलटल्यावर एकदा सापडला, तोही दुसऱ्या मजल्यासाठी. काकूंना आजच्या मराठीत असहाय म्हणता येणार नाही. पाणिनीच्या अर्थाने मात्र त्या पूर्णपणे असहाय आहेत, म्हणून एकाकी.

या विषयाची चर्चा आता सरकारदरबारी होते. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये त्यासाठी मंत्री नेमले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांपैकी १ जण एकाकीपणाने त्रासलेला आहे. ही संघटना दोन गोष्टी वेगळ्या मानते. हवी तशी नाती न लाभल्याची वेदना ही एक, आणि मुळात नात्यांचा आणि भेटीगाठींचाच तुटवडा ही दुसरी. जपानचा १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला कायदा तर नावातच ‘कोदोकु’ म्हणजे एकाकीपणा आणि ‘कोरित्सु’ म्हणजे तुटलेपण असे दोन शब्द बाळगतो. दोहोंच्या आरंभीचे चित्राक्षर एकच आहे आणि त्याचा जुना अर्थ पोरके मूल असा आहे.

आपल्याकडे या दुसऱ्या गोष्टीला ‘सामाजिक विलगीकरण’ म्हणण्याची टूम निघाली आहे, ती ताबडतोब थांबवावी. ‘करण’ आले की करणारा आला. २०२० मध्ये पालिकेने रुग्णांचे विलगीकरण केले, तेव्हा तो शब्द बरोबर होता, कारण तेव्हा कोणीतरी शिक्का मारत होते. काकूंचे विलगीकरण कोणी केलेले नाही, त्या विलग झाल्या आहेत. कोणी मुद्दाम केले तर त्याला मराठीत ‘वाळीत टाकणे’ म्हणतात आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. आपोआप घडणाऱ्या स्थितीला ‘विलगता’ म्हणावे, किंवा आपण आपल्या पत्रात सहजपणे वापरलेला ‘तुटलेपण’ घ्यावा. तो मला कुठल्याही पारिभाषिक शब्दाहून सरस वाटतो, आणि आपल्याला तो सुचलेला असताना फलकासाठी एकांतवास का शोधावा लागला, हे मला कळलेले नाही.

तेव्हा शीर्षक ‘वाढता एकाकीपणा’ असे करावे. परिसंवाद केवळ भेटीगाठी कमी झाल्याविषयी असेल तर ‘वाढते तुटलेपण’ घ्यावे. ‘एक सामाजिक समस्या’ हे शेपूट कापून टाकावे, कारण सुखाच्या गोष्टींवर कोणी परिसंवाद ठेवत नाही. फलक रंगवणाऱ्याला ‘की’ दीर्घ काढायला सांगावे. मूळ शब्द ‘एकाकिन्’ असल्यामुळे संस्कृत प्रत्यय लागला तर ‘एकाकित्व’ असा ऱ्हस्व होतो, पण ‘पणा’ हा मराठी प्रत्यय आहे आणि त्याच्याआधी ‘एकाकी’ दीर्घच राहतो. आमच्या भागातल्या एका फलकावर मागच्या वर्षी ‘एकाकिपणा’ असे तीन फूट उंच अक्षरांत झळकत होते, आणि ते खाली उतरवण्यासाठी मला दोनदा जावे लागले.