शंका तुमच्या: ट्रेडमिलवर पैलवान हरला का?

प्रश्न: माझा मुलगा तालमीत आहे, वजन ९२ किलो. बहिणीचा मुलगा बॉक्सिंग करतो, ५७ किलो. एका शिबिरात दोघांना मास्क लावून ट्रेडमिलवर पळवलं. मुलाचा व्हीओटू मॅक्स ४८ आला, भाच्याचा ५६. तेव्हापासून घरात पोराची थट्टा चालली आहे. खुराकावर एवढा खर्च करून पैलवानाला दम कमीच का?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, थट्टा करणाऱ्यांच्या हाती आधी कॅल्क्युलेटर द्या. ४८ म्हणजे शरीर मिनिटाला, दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं तो आकडा. त्याला ९२ने गुणलं की ४.४ लिटर येतात. भाच्याचे ५६ गुणिले ५७, म्हणजे ३.२ लिटर. ऑक्सिजन जास्त तुमचा मुलगाच वापरतो. किलोने भागलं की मागे पडतो. वजन दुप्पट झालं म्हणून ही क्षमता दुप्पट होत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या वजनांची तुलना करताना अभ्यासक बरेचदा एकूण ऑक्सिजनला वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने, म्हणजे वजनाच्या वर्गाच्या घनमुळाने, भागतात. मी मिलिलिटर घेऊन तसं करून पाहिलं. दोघंही २१६च्या आसपास, बरोबरीत!

शिवाय परीक्षा पळण्याची होती. बॉक्सर रोज पहाटे पळतो, तुमचा मुलगा त्या वेळी जोर-बैठका मारत असणार. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये जेमतेम ३० सेकंद. त्यात पकड धरून ठेवायची, म्हणजे स्नायू आवळलेलाच राहतो, त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि हात भरून येतात. ट्रेडमिलला यातलं काहीच दिसत नाही.

त्यासाठी हातांची विंगेट चाचणी करून घ्या. सायकलच्या पायडलसारखा दांडा वजनाच्या हिशेबाने ठरवलेल्या भारावर ३० सेकंद जीव खाऊन फिरवायचा. सुरुवातीचा जोर किती आणि शेवटी तो किती घसरला, दोन्ही कळतं. माझं लक्ष घसरणीवर असतं. भारी गड्यांचा पहिला झटका जबरदस्तच असतो, त्यात नवल नाही.

ज्यूदोवाल्यांनी तर स्वतःचीच चाचणी बसवली. पोलंडच्या स्टेर्कोविच यांनी १९९५ मध्ये मांडलेली. दोन जोडीदार सहा मीटर अंतरावर उभे करायचे, त्यांच्यामध्ये पळत आळीपाळीने दोघांना फेकायचं. १५ सेकंद, मग ३०, पुन्हा ३०, मध्ये १० सेकंदांची उसंत. संपल्याबरोबरचे हृदयाचे ठोके आणि मिनिटानंतरचे ठोके मिळवून एकूण फेकींनी भागायचे. आकडा जितका कमी तितकं चांगलं. लागतं काय, तर घड्याळ आणि ठोके मोजायचा पट्टा. मातीतल्या कुस्तीसाठी पट काढण्यावर, म्हणजे पाय धरून पाडण्यावर, असं काही बसवायला एखाद्या वस्तादांनी मनावर घ्यावं, असं मला फार वाटतं.

बॉक्सरच्या ठोशाचा जोर पायांतून वर येतो, म्हणून त्याची उभी उडी मोजतात. ती तुमच्या मुलाच्या उडीशी ताडून पाहू नका, भाच्याच्याच मागच्या मोसमातल्या उडीशी ताडा.

आणि एक चौकशी जरूर करा. त्या दिवशी भाच्याने स्पर्धेसाठी वजन उतरवलेलं होतं का? पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपला कुस्तीगीर अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवलं होतं. असं पाणी काढलेल्या अंगावर चाचणी घेतली, तर भागायला किलोच कमी उरतात आणि किलोमागचा आकडा फुगू शकतो.