वाचकांचे प्रश्न : नर्व्ह कापली की सॅलमँडरचा पाय परत का येत नाही?

प्रश्न : सॅलमँडरचा (पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी) पाय तुटला तर अख्खा नवीन येतो, पण त्या पायाची नर्व्ह कापून टाकली तर येत नाही असं वाचलं. म्हणजे पाय उगवायला मेंदूची ऑर्डर लागते का?
– बारावी सायन्सचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : तू वाचलंस ते खरंय, आणि हे कळून दोनशे वर्षं झालीत. १८२३ साली ट्वीडी जॉन टॉड नावाच्या इंग्लिश डॉक्टरने सॅलमँडरच्या मागच्या पायाची सायटिक नर्व्ह कापली आणि पाय उगवायचा थांबला. जखम भरते, कातडी येते, पण पुढे काही नाही. नॉर्मल केसमध्ये काय होतं, तर जखमेवर कातडीच्या पेशी सरकून झाकण बसतं, त्याच्याखाली पेशींचा गोळा जमतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात, आणि त्यातून हाड, स्नायू, बोटं सगळं बनतं. नर्व्ह नसेल तर हा गोळाच वाढत नाही. आणि सॅलमँडरची नर्व्ह स्वतःही परत वाढते, त्यामुळे बरेच दिवस चालणारा प्रयोग असेल तर ती पुन्हा पुन्हा कापावी लागते.

आता मेंदूच्या ऑर्डरचं. तसं नाहीये. मार्कस सिंगर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० पासून पुढे यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्याला दिसलं की पाय हलवणाऱ्या नर्व्ह काढून फक्त स्पर्श-वेदना नेणाऱ्या ठेवल्या तरी पाय येतो, फक्त तंतू पुरेसे पाहिजेत, साधारण नेहमीच्या एक तृतीयांश ते निम्मे. त्याच्या खाली गेलं की बंद. पुढे तर मणक्याजवळची नर्व्ह पेशींची गाठ काढून ती नर्व्ह नसलेल्या पायात बसवली तरी वाढ झाली, म्हणजे मेंदूशी कनेक्शनच नाही आणि तरी काम होतंय. याचा अर्थ नर्व्ह तिथे काहीतरी केमिकल पुरवते. ते काय, हे शोधायला फार वर्षं गेली. २००७ मध्ये लंडनला अनूप कुमार, जेरेमी ब्रॉक्स वगैरेंनी एनएजी नावाचं प्रोटीन दाखवलं, नर्व्ह कापलेल्या न्यूटच्या (हा सॅलमँडरचाच एक प्रकार) पायात त्याचं जीन टाकलं तर बोटांपर्यंत पाय उगवला. ॲक्सोलॉटल या दुसऱ्या सॅलमँडरमध्ये न्यूरेग्युलिन, एफजीएफ, बीएमपी ही प्रोटीन्स पण नर्व्हचं काम बऱ्यापैकी करतात असं नंतर दिसलं, त्यामुळे एकच जादूचं प्रोटीन आहे असं समजू नकोस.

पण मला यातला सगळ्यात भारी भाग वेगळाच वाटतो. १९५९ मध्ये यिन्टेमा या शास्त्रज्ञाने सॅलमँडरच्या भ्रूणातून मज्जारज्जू बनवणारा भागच काढला, म्हणजे त्या पिल्लाच्या पायात नर्व्ह कधी आलीच नाही. असा पाय कापला तर काय होईल? वाटतं की अजिबात येणार नाही. तर तो आला! ज्या पायाने नर्व्ह कधी पाहिलीच नाही त्याला ती लागतच नाही. आणि तोच पाय नॉर्मल सॅलमँडरवर लावला, त्यात नर्व्ह शिरू दिल्या, की काही काळाने तो पण नर्व्हशिवाय उगवेनासा होतो. म्हणजे हे अवलंबून राहणं पायाला नर्व्ह आल्यामुळेच लागतं, जवळजवळ व्यसनासारखं. पुस्तकात 'नर्व्ह आवश्यक आहे' एवढंच एक वाक्य लिहून पुढे जातात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

प्रश्न : मग बेडकाला जास्त नर्व्ह दिल्या तर त्याचा पाय येईल का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : मॅडम, सिंगरने हेच केलं होतं. बेडकाचं पिल्लू लहान असताना त्याचा मागचा पाय परत येतो, मोठं होता होता ती ताकद जाते. १९५४ मध्ये त्याने मोठ्या बेडकाच्या मागच्या पायाची जाडजूड सायटिक नर्व्ह वळवून पुढच्या कापलेल्या पायात आणली, आणि वाढ सुरू झाली, पण पूर्ण पाय काही आला नाही, अर्धवट आकार आला. नर्व्ह लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही, खालच्या पेशींनी पण तयार असायला हवं.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या बोटाचं टोक दारात सापडून तुटलं. डॉक्टर म्हणाले, टाका नको, येईल. हे शक्य आहे?
– एक आई, नाशिक

उत्तर : हो ताई, शक्य आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये शेफील्डच्या डॉक्टर सिंथिया इलिंगवर्थ यांनी लहान मुलांमध्ये नुसत्या ड्रेसिंगवर टोक परत आलेलं नोंदवलंय. पण नखाचं मूळ शाबूत हवं, त्याच्या मागून बोट तुटलं तर येत नाही. उंदरांवर २०१३ मध्ये दिसलं की नखाच्या मुळाशी असलेल्या स्टेम सेल्स (नवीन पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) नर्व्हना तिकडे ओढून घेतात, आणि नर्व्ह आल्या की पुढची वाढ होते, नर्व्ह काढली तर टोक नीट येत नाही. म्हणजे सॅलमँडरसारखंच, फक्त आपल्याकडे ते नखापुरतं उरलंय. तुमच्या मुलाचं नख कुठपर्यंत वाचलंय हे डॉक्टरांना नक्की विचारा, आणि ड्रेसिंग घरी स्वतःहून उघडू नका, ते सांगतील तेव्हाच बदला.