कम्युनिटी कॉलेजातून बॅचलर डिग्री घेतली तर खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे एरवी दोन वर्षांचं शिक्षण देणारी स्थानिक सरकारी कॉलेजं, आता चार वर्षांची पदवीही देतात, ती साडेदहा हजार डॉलरात होते हे खरं का, आणि खरं असेल तर गोम कुठे आहे? मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात फायनान्शियल एडच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीच्या, काउंटरवर बसते. हा हिशेब रोज कुणाला ना कुणाला मांडून दाखवते, तसाच तुम्हालाही दाखवते.

आकडा खरा आहे. फी युनिटवर ठरते; युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप. पहिल्या दोन वर्षांची ६० युनिट्स, प्रत्येकी ४६ डॉलर, म्हणजे २,७६०. पुढच्या दोन वर्षांत त्या ४६ वर आणखी ८४ लागतात, म्हणजे युनिटला १३०, त्याचे ७,८००. एकूण १०,५६०. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी.

पण लोक इथे चुकीची तुलना करतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची २०२५-२६ ची ट्यूशन वर्षाला ६,४५०, चार वर्षांचे २५,८००. म्हणजे पंधरा हजार वाचले, असं धरून चालतात. आमच्याकडे येणारा विद्यार्थी चारही वर्षं तिथे काढणार नसतोच. दोन वर्षं इथे आणि मग उरलेल्या दोन वर्षांसाठी तिथे ट्रान्सफर, हा त्याचा नेहमीचा रस्ता. त्याचा खर्च इथले २,७६० आणि तिथले १२,९००, मिळून १५,६६०. म्हणजे ट्यूशनमधली खरी बचत पाच हजारांच्या आसपास. कमी नाही, पण पंधराही नाही.

मोठी रक्कम वाचते ती फीच्या बाहेर. मागे एक बाई आल्या होत्या, दाताच्या दवाखान्यात असिस्टंट, दोन मुलं. मी फीचा कागद पुढे केला. त्यांनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर घरभाडं, पाळणाघर, पेट्रोल असं एकाखाली एक लिहीत गेल्या. शेवटी मला विचारलं, "शनिवारची नोकरी ठेवता येईल ना?" त्यांच्या दृष्टीने सगळा प्रश्न तेवढाच होता. गाव सोडायचं नाही, पगार थांबवायचा नाही. डोंगरातल्या क्विन्सीच्या फेदर रिव्हर कॉलेजचं उदाहरण घ्या. तिथून सर्वांत जवळची स्टेट युनिव्हर्सिटी चिकोला, घाटातून पावणेदोन तासांवर. तिथल्या मुलाला ट्रान्सफर म्हणजे दुसरं बिऱ्हाडच.

डेंटल हायजीनचा, म्हणजे दात साफ करण्याच्या आणि हिरड्या सांभाळण्याच्या कामाच्या कोर्सचा, फायदा वेगळाच आहे. त्याची जुनी दोन वर्षांची पदवी पूर्वतयारीचे विषय धरले तर चारेक वर्षं खायचीच. तेवढ्याच काळात आता फूटहिलसारख्या कॉलेजात बॅचलर मिळते. लायसन्सला तिची गरज नसते, पण पुढे शिकवायचं किंवा सार्वजनिक आरोग्यात जायचं तर लागते. उपकरणांच्या पेटीला मात्र हजारो डॉलर मोजावे लागतात. ते धरूनच बजेट करा.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून सांगायचंय. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी, परत न करायची मदत, आयुष्यात पूर्णवेळच्या १२ सेमिस्टरपुरतीच मिळते. आधी भलतेच विषय घेऊन ती संपवलेली माणसं तिसऱ्या वर्षाला, म्हणजे नेमकी फी वाढते तेव्हा, माझ्यासमोर रिकाम्या हाताने उभी राहतात. त्यांना नाही म्हणताना फार जड जातं. किती शिल्लक आहे ते पहिल्या दिवशी बघून घ्या.

कॉलेजला परवडतं का, हेही तुम्ही विचारलंय. नुसत्या फीवर अजिबात नाही. वरच्या वर्षांचे वर्ग लहान, प्राध्यापक जास्त शिकलेले, प्रयोगशाळा महाग. राज्याचं अनुदान आहे म्हणून हे चालतं. कॉलेजचा फायदा म्हणजे दोन वर्षांनी निघून जाणारा विद्यार्थी टिकतो.

आता गोम. २०१४ च्या कायद्याने १५ कॉलेजांत प्रयोग सुरू झाला, २०२१ मध्ये तो कायम झाला आणि वर्षाला ३० पर्यंत नवे कोर्स मंजूर करता येऊ लागले. पण राज्याच्या विद्यापीठांत असलेली पदवी इथे द्यायची नाही, ही अट राहिली. त्यामुळे मिराकोस्टा कॉलेजात बायोमॅन्युफॅक्चरिंग (जैविक औषधांचं उत्पादन), बेकर्सफील्ड कॉलेजात इंडस्ट्रियल ऑटोमेशन (कारखान्यातली स्वयंचलित यंत्रणा) असे नेमके कामाचे विषय आहेत. साधं बिझनेस किंवा कॉम्प्युटर सायन्स शोधू नका. नर्सिंगची बॅचलर पदवी प्रायोगिक तत्त्वावर देण्याची विधेयकं मंजूर होऊन गव्हर्नरांपर्यंत गेली होती, त्यांनी २०२४ मध्ये ती सही न करता परत पाठवली. मला ते आजही पटलेलं नाही. नर्सिंगच्या जागेसाठी तिष्ठत असलेल्या मुली मी रोज बघते.

शेवटी तुमचा भाचा आणि भाचेसून यांच्याबद्दल. भाचा नाशिकहून एफ-१, म्हणजे विद्यार्थी, व्हिसावर येणार असेल तर वरचा सगळा हिशेब विसरा. राज्याबाहेरच्यांना वरच्या फीशिवाय आणखी युनिटमागे तीनशेच्या वर डॉलर पडतात. भाचेसुनेचं वेगळं आहे. ती एच-४ वर, म्हणजे इथे एच-१बी सारख्या व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, असेल आणि कॅलिफोर्नियात तिला एक वर्ष आणि एक दिवस झाला असेल, तर ती इथली रहिवासी म्हणून ४६ डॉलरच्या दरात बसू शकते. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत तिला मिळणार नाही. घराचा करार, राज्याचा टॅक्स रिटर्न आणि ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन तिला ॲडमिशन्स ऑफिसला जाऊ द्या. टर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ते वर्ष भरलेलं हवं, तेवढं तारखेचं बघा.