वाचकांचे प्रश्न : खाणीचा बार की कोयनेचा धक्का?

प्रश्न : आमचं घर खाणीपासून साधारण दीड किलोमीटरवर आहे. दुपारी जमीन थरथरते आणि थोड्या वेळाने काचा वाजतात. भिंतीला तडे गेलेत. विचारायला गेलं की खाणवाले म्हणतात, ‘कोयनेचा धक्का असंल.’ मॅडम, यातला फरक आम्हाला यंत्राशिवाय कळेल का? आणि परदेशातली अणुचाचणी भूकंपापासून वेगळी ओळखतात, ती कशी?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : काचा ‘थोड्या वेळाने’ वाजतात असं तुम्ही लिहिलंय. तो वेळ मोजा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दीड किलोमीटरला त्याला साडेचार सेकंद लागतात. खडकातून येणारा हादरा तेच अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. आधी पायाखाली थरथर, साडेचार सेकंदांनी दणका आणि काचा, असं दर वेळी होत असेल तर तो बारच.

कोयनेच्या धक्क्याची चाल निराळी. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. खडक दाबत-ताणत येणारी पी लाट तिथून साधारण १५ सेकंदांत पोहोचते, खडक आडवा हलवणारी एस लाट २६ सेकंदांत. म्हणून आधी बारीक थरथर आणि दहा-अकरा सेकंदांनी जोराचे झोके. दीड किलोमीटरवरच्या बारात या दोन लाटा वेगळ्या जाणवतच नाहीत. वहीत तारीख आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवा आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीशी ताडून पाहा.

तड्यांचा निवाडा मात्र वहीने होणार नाही. त्यासाठी बार उडवताना कंपनमापक तुमच्या घराच्या पायाशी ठेवायला हवा. खाण सुरक्षा महासंचालनालयाने इतरांच्या राहत्या घरांसाठी मर्यादा ठरवलेल्या आहेत : कंपनं ८ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ८ आंदोलनांच्या) खाली असतील तर जमीन हलण्याचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यापुढे १५. मोजणीची मागणी लेखी करा, आणि अहवालात वेगाबरोबर हर्ट्झचा आकडाही मागा. तो नसेल तर कोणती मर्यादा लावायची हेच ठरत नाही.

आता अणुचाचणी. स्फोट भोवतालचा खडक सगळीकडे सारखाच बाहेर ढकलतो, म्हणून पी लाट जोरकस आणि एस दुबळी. भूकंपात खडकाच्या दोन बाजू एकमेकींवरून घसरतात, त्यामुळे एस दांडगी. नोंदीतली पीची उंची भागिले एसची उंची, हे गुणोत्तर मोठं आलं तर स्फोटाचा संशय. चार-पाच हर्ट्झच्या वरच्या कंपनांत हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो.

पण वाटेत लाटा झिजतात, आणि सगळ्या सारख्या झिजत नाहीत. महाद्वार रोडवरची मिरवणूक लांबून ऐकताना ढोलाचा घुमारा पोहोचतो, ताशाची कडकड विरून जाते. खडकातही वेगवान कंपनं आधी मरतात. खडक लाट किती टिकवतो हे ‘क्यू’ नावाच्या आकड्याने सांगतात. कोयना ते कोल्हापूर या वाटेला हिशेबापुरता क्यू ३०० धरू. (प्रत्यक्षात तो कंपनांप्रमाणे बदलतो.) १ हर्ट्झची एस लाट इथवर पाऊण हिस्सा शिल्लक राहते, ६ हर्ट्झची जेमतेम एक पंचमांश. ६ हर्ट्झची पी मात्र दोन पंचमांश उरते, कारण ती वेगाने येते आणि वाटेत तिची आंदोलनं कमी होतात. म्हणजे अस्सल भूकंपाचं पी-एस गुणोत्तर नुसत्या ९० किलोमीटरच्या प्रवासात दुप्पट झालं! अंतर हजार किलोमीटर असेल आणि मधे तिबेटसारखा लाटा गिळणारा प्रदेश असेल, तर भूकंप सहज स्फोटासारखा दिसेल. आपल्या द्वीपकल्पाचा जुना, घट्ट खडक त्या मानाने लाटा चांगल्या राखतो. म्हणून नुसत्या गुणोत्तरावर विसंबायचं नाही. त्या वाटेवर किती झीज होते ते जुन्या नोंदींवरून काढायचं, तेवढी भरपाई करायची आणि मग तुलना. मी वर्गात हे शिकवायची तेव्हा मुलं थेट भागाकाराकडे धावायची. त्यांना मी आधी नकाशावर लाटेची वाट आखायला लावत असे, आणि आजही तोच क्रम मला बरोबर वाटतो.

हे किती गंभीर प्रकरण आहे ते १९९७ साली दिसलं. १६ ऑगस्टला रशियाच्या नोवाया झेम्ल्या अणुचाचणी क्षेत्राच्या बाजूला साडेतीनच्या आसपास तीव्रतेचा एक धक्का नोंदला गेला आणि अमेरिकेत गुप्त चाचणीचा संशय उठला. प्रत्यक्षात त्याचं केंद्र कारा समुद्राखाली, चाचणी क्षेत्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर दूर होतं. उत्तर फिनलंडमधल्या एका केंद्रावर त्याच क्षेत्रातल्या जुन्या अणुस्फोटाची नोंद होती. वाट जवळपास तीच, म्हणून झीजही जवळपास तेवढीच. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा नव्या धक्क्यातली एस लाट पीच्या मानाने कितीतरी मोठी निघाली. तो भूकंप होता.