अंगणातलं कागदी लिंबू हिरवंगार आहे, पण फुलंच येत नाहीत. काय करावं?

डिसेंबरात त्याचं पाणी तोडा. रोज पाणी मिळणारं लिंबू नुसता पाला वाढवत बसतं. पाण्याचा असा ताण बसला की वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठतं आणि पाणी सुरू होताच नव्या पालवीबरोबर कळ्या निघतात. बागायतदार आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली लिंबाची फुलं, असाच धरतात. हलक्या जमिनीत पाणी ३-४ आठवडे बंद ठेवा, काळ्या जमिनीत ५-६. पानं फिकट होऊन पाव हिस्सा गळली की ताण पुरे झाला, घाबरू नका. मग:

- खोडातून सरळ वर निघालेले जाड, काटेरी पाणसोट मुळाशी कापा. ते खातात भरपूर, फळत नाहीत.
- १५-२० किलो कुजलेलं शेणखत फांद्यांच्या घेराखाली मिसळा. बुंध्याशी नको.
- पहिलं पाणी हलकं, पुढचं थोडं जास्त, मग नेहमीचं. एकदम भरपूर दिलंत तर फुलं गळतात. आळं बुंध्यापासून हातभर लांब ठेवा. खोडाशी पाणी साचलं की साल कुजून डिंक वाहतो.

मात्र बियांपासूनचं रोप ४-५ वर्षांचं होईपर्यंत ताण देऊ नका, ते अजून फळायच्या वयाचंच नाही. कुंडीतल्या झाडाला पानं मलूल होईपर्यंतच, म्हणजे थोडेच दिवस.