मनगट हलवणं आणि मार्ग निवडणं

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मेंदू आपल्याआधीच ठरवून मोकळा होतो, मग इंजिनिअरिंग सोडायचं की नाही यावर डोकं कशाला शिणवायचं, हा तुझा सवाल. पळवाट छान आहे! पण ज्या प्रयोगाच्या भरवशावर तू हे म्हणतेस, तो आधी नीट बघ.

बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञानं तो 1983 साली प्रसिद्ध केला. डोक्याला इलेक्ट्रोड, समोर 2.56 सेकंदांत एक फेरी मारणारा ठिपका. वाटेल तेव्हा मनगट हलवायचं आणि तशी इच्छा झाली तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. मेंदूतली विद्युत हालचाल मनगट हलण्याच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी सुरू झालेली, इच्छा मात्र जाणवली जेमतेम 200 मिलिसेकंद आधी. झालं, इच्छास्वातंत्र्य निकालात निघालं म्हणून गवगवा! खुद्द लिबेट मात्र शेवटच्या क्षणी हात आवरता येतो, असं मानत. ते कुणी सांगत नाही.

आता 2019 चा प्रयोग बघ. उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन सेवाभावी संस्थांतली एक निवडायला लावली. कोणतीही निवडली तरी दोघींना सारखेच पैसे मिळणार असतील, तेव्हा तो आगाऊ संकेत मेंदूत दिसला. निवडलेल्या संस्थेलाच 1000 डॉलर मिळू शकतील असं असताना तो जवळजवळ दिसलाच नाही. तुझा प्रश्न या दुसऱ्या जातीचा आहे.

यानं इच्छास्वातंत्र्य सिद्ध होत नाही, बरं का. विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयामागेही कारणं असणारच: घर, पैसा, स्वभाव, रात्रीची झोपसुद्धा. पण तुझा विचार हेही त्यातलंच एक कारण, आणि ते वगळलं तर निकाल वेगळा लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगताना दैव पाचवं धरलंय. पुढे कृष्ण अर्जुनाला 'हवं तसं कर' म्हणतो, पण त्याआधी 'याचा पुरता विचार करून' अशी अट घालतो. मला ती अट जास्त महत्त्वाची वाटते.

तेव्हा रात्री दोनला काही ठरवू नकोस. शेवटच्या वर्षाच्या दोघा-तिघांना भेट, फी परत मिळण्याचे नियम वाच, बाबांशी एकदा शांतपणे बोल. प्रवेश रद्द करायची मुदत कधी संपते, ते मात्र उद्याच विचारून घे.